प्रतिपदेचा दर्भ

लवू परबाला अंधेरीचे लोक दोनच वेळा शोधत. एक, घरात कोणी वारलं की, आणि दुसरं, ग्रहण लागणार असलं की. एरवी तो गवताच्या जुड्या खांद्यावर टाकून भर बाजारातून गेला तरी 'काय लवू, बरं आहे ना?' असं कोणी विचारत नसे. त्याच्याशी बोललं की आपलं कोणीतरी गेलेलं माणूस आठवतं, आणि सकाळच्या पारी ते कशाला, असा लोकांचा विचार. याला लवूची हरकत नव्हती. ग्रहणाच्या दिवशी मात्र तीच माणसं लोणच्याच्या बरणीवर ठेवायला दोन काड्या मागत त्याच्या दारात रांग लावत, तेव्हा तोही जरा हळूहळू उठे.

मालवणकडून येऊन त्याने चौदा वर्षं परळच्या एका गिरणीत काढली होती. छातीत कापूस बसला आणि खोकला थांबेना, तेव्हा डॉक्टर म्हणाला, "समुद्राची मोकळी हवा घे." डॉक्टरला बहुधा 'गावी जा' म्हणायचं होतं. लवूने त्याचा अर्थ अंधेरी असा लावला. वर्सोव्याच्या वाटेवर त्याच्या बायकोच्या, जानकीच्या मावशीचं एक रिकामं खोपट होतं, आणि गावी जाऊन भावाच्या तोंडाला लागण्यापेक्षा ते बरं होतं.

सात बंगल्यांच्या पुढे एक चिंचोळी खाडी आडवी येई. ओहोटीला गुडघाभर पाणी, भरतीला माणूस बुडेल एवढं. पलीकडे नुसता वाळूचा उंचवटा. त्या कोरड्या वाळूत, जिथे निवडुंगसुद्धा दहादा विचार करून उगवेल, तिथे दर्भाचे झुबके होते. दर्भ दिसायला साधा, पण स्वभावाने वाईट. पातं मुठीत धरून ओढलं तर तळव्यावर नुसती रेघ उठते. रक्त मागाहून येतं, आपण विसरल्यावर. वैशाखात वरून सगळं पिवळं पडतं, पण बुडाशी बोट घालून पाहावं तर हिरवं. मूळ कुठवर जातं ते बघायला लवूने एकदा खणलं होतं. कमरेएवढा खड्डा झाला, खालून पाणी आलं, मूळ आपलं खालीच चाललेलं. त्याने मुकाट्याने वाळू परत लोटली. न विचारता कोणाच्या तरी घरात शिरल्यासारखं त्याला झालं होतं.

या वाळूवर त्याला अनंतभटांनी हेरलं. अंधेरीपासून गोरेगावपर्यंतची श्राद्धं अनंतभटांकडे. अंगाने भरलेले, गुडघ्याने अधू, वाळूत त्यांचा पाय घोट्यापर्यंत रुतायचा. त्यांना दर्भ उपटणारा माणूस हवा होता, लवूला काम.

पण याचा एक नियम होता, आणि तो अनंतभटांनी पहिल्याच दिवशी त्याच्या डोक्यात भरवला. "श्रावणाची अमावास्या. पिठोरी. त्या दिवशी उपटलेला दर्भ वर्षभर शिळा होत नाही. बाकी कुठल्याही दिवशी उपट, तो त्या दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी ते गवत. म्हशीला घाल."

म्हणून दर पिठोरीला भल्या पहाटेच्या ओहोटीत दोघं खाडी ओलांडत. अनंतभट पहिल्या झुबक्यापुढे पूर्वेला तोंड करून उभे राहत, मंत्र म्हणत, शेवटी 'हुं फट्' असा हिसका देऊन पहिली मूठ स्वतः समूळ उपटत. मग छत्री उघडून बसत. उरलेलं सगळं लवूने उपटायचं, भरतीचं पाणी चढायच्या आत. तीन तासांचं काम, आणि त्यावर अर्ध्या उपनगराचे वाडवडील वर्षभर जेवत.

सहा वर्षं हे सुरळीत चाललं. सातव्या वर्षी, म्हणजे छप्पन्न साली, लवू ठरल्याप्रमाणे मारुतीच्या देवळापाशी पावसात उभा राहिला आणि अनंतभट आलेच नाहीत. सात वाजले, आठ वाजले. शेवटी तो त्यांच्या घरी गेला. भटजी ओटीवर गुडघ्याला गरम वीट लावून बसले होते.

"अरे, मी निरोप धाडला होता तुला!"

"माका कोणी नाय सांगूक."

"जा, जा, पळ. मी इथूनच मंत्र म्हणतो. दिशा बरोबर आहे. समुद्र काय, पश्चिमेलाच."

आणि खरंच त्यांनी विटेवरचा पाय न हलवता मंत्र सुरू केला. 'हुं फट्'च्या वेळी ओटीवरच्या झाडूची एक काडी ओढली, एवढंच.

लवू धावला. पण अमावास्येचं उधाण कोणासाठी थांबत नाही. खाडी काठोकाठ भरली होती, आणि पाणी आत येताना असा आवाज करत होतं की त्याने पायसुद्धा बुडवला नाही. पलीकडे दर्भ दिसत होता, पावसात वाकलेला. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा दिवस मावळला होता, आणि तिन्हीसांजेला दर्भाला हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तो एकटाच गेला आणि एकट्याने सगळा दर्भ उपटला.

"आणलास?" अनंतभटांनी विचारलं.

"आणला," लवू म्हणाला.

खोटं तसं काहीच नव्हतं. कधी आणला, ते भटजींनी विचारलं नव्हतं.

पितृपंधरवडा आला. घरोघरी तोच दर्भ गेला, त्याचीच पवित्रकं झाली, त्यावरच पिंड ठेवले गेले. लवू पंधरा दिवस कान टवकारून होता. पण कावळे नेहमीसारखे आले, नेहमीसारखे शिवले, कुठेही काही अडलं नाही. कावळ्यांना पंचांग कळत नसावं, असं म्हणून लवूने मन निवांत केलं.

फाल्गुनात अनंतभटांनी त्याला बोलावून घेतलं. "चांगल्या, लांब काड्या हव्यात. तीनशेसाठ. मोजून. आणि चार वर. माणूस करायचाय."

हा माणूस म्हणजे मार्तंड मोघे. गोदीत कारकून होता. चव्वेचाळीस साली गोदीचा स्फोट झाला, त्या शुक्रवारी सकाळी तो डबा घेऊन घरातून निघाला आणि परत आला नाही. असे त्या दिवशी पुष्कळ होते. पण मार्तंडाच्या बाबतीत एक भानगड होती. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने नंतर सांगितलं की मोघ्यांनी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. बारा वाजताच बाहेर पडले. स्फोट झाला चारला.

चार तास. बारा वर्षं अंधेरी त्या चार तासांचं काय ते ठरवत होती. कोणी म्हणे हिमालयात गेला, कोणी म्हणे लष्करात, आणि बायका आवाज खाली आणून तिसरंच काही म्हणत. त्याची बायको, माणिकबाई, काहीच म्हणत नसे. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची आणि कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावायची. भिंतीवर नवऱ्याचा फोटो नव्हता. फोटो लावला की लोक हार आणतात, असं तिचं म्हणणं. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही, हे शेजारणींना कधीच ठरवता आलं नाही. त्या बोलवत, पण ओटी भरताना हात जरा लांबून यायचा.

तिने आणखी बारा वर्षंही अशीच काढली असती. पण लेक लग्नाला आली. नीला वीस वर्षांची, बोलायला तिखट. घाटकोपरचं स्थळ सगळं पसंत करून शेवटी पत्रिकेपाशी अडलं. 'मार्तंड मोघे यांची कन्या' इथवर ठीक. पण नावाच्या आधी श्रीयुत छापायचं की कैलासवासी? व्याही म्हणाले, "आमचं काही नाही हो, पण छापखानेवाला विचारतो." छापखानेवाल्याला अंधेरीच्या विधींची एवढी काळजी, हे लवूने पहिल्यांदाच ऐकलं.

तेव्हा विधी ठरला. प्रेत सापडलं नसेल तर बारा वर्षांनी दर्भाचा माणूस करतात, आणि त्याला अग्नी देतात.

लवू काड्या घेऊन गेला तेव्हा पुतळा मागच्या अंगणात बांधत होते. त्याला थांबून काड्या मोजून द्यायला सांगितलं. डोक्याला चाळीस, मानेला दहा, अनंतभट म्हणत गेले तशा तो देत गेला. बांधता बांधता गवताला खांदे आले, मांड्या आल्या. डोक्याच्या जागी नारळ, डोळ्यांच्या जागी दोन कवड्या.

नीला दारात उभी होती. "भटजी, आणि समजा बाबा परत आले तर?"

"शास्त्रात तेही आहे," अनंतभट मान खाली घालूनच म्हणाले. "परत आला तर त्याला तुपाच्या हंड्यात बुडवून काढायचा. तो नवा जन्म. मग बारसं, मग मुंज, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न."

"डालडा चालेल का हो?"

"नीला!" माणिकबाई आतून म्हणाली. पण तिच्या आवाजात राग नव्हता. ती बाहेर आली, पुतळ्याकडे एकदा पाहिलं, आणि विचारलं, "दर्भ चांगला आहे ना, लवू? जुना नाही ना?"

लवूच्या हातात शेवटच्या काड्या होत्या. "पिठोरीचा आहे, बाई," तो म्हणाला.

हे मात्र सरळ खोटं होतं.

त्या दिवशी स्मशानात पुतळा जळाला. गवतच ते, चहाला आधण येईपर्यंतही टिकलं नाही. दुपारी माणिकबाईचं कपाळ पुसलं. बारा वर्षांच्या कुंकवाखालची कातडी पांढरी पडली होती, तेवढा एक गोल ठिपका कितीतरी दिवस तसाच दिसत होता.

चैत्रात, भर दुपारी, लवूने त्याला पहिल्यांदा पाहिलं.

वाळूवर, झुबक्यांच्या पार पलीकडच्या टोकाला एक माणूस पाठमोरा उभा होता. धोतर, काळा कोट, काळी टोपी, हातात मिटलेली छत्री. त्या सुमारास अंधेरीत प्लॉट बघायला येणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. लवू ओरडला, "ओ शेट! इथे प्लॉट नाय! भरतीला पाणी चढतां!"

माणूस हलला नाही. लवू काडी शोधायला खाली वाकला, वर पाहिलं तर तिथे कोणी नव्हतं. तो चालत त्या टोकाला गेला. वाळूवर पक्ष्यांची पावलं होती, खेकड्यांच्या रांगोळ्या होत्या. चपलेचा ठसा नव्हता. वारा पडला होता आणि तरी दर्भ हलत होता. तेवढा एकच झुबका.

चार दिवसांनी तो पुन्हा दिसला. या वेळी मधल्या झुबक्यांपाशी. उन्हात मिटलेली छत्री घेऊन, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखा. पण पुढे समुद्राकडे बघत. पुढच्या आठवड्यात आणखी अलीकडे. तोंड त्याने कधीच दाखवलं नाही. लवूला आपलं वाटत राही की तोंड फिरवलं तर तिथे नारळ असेल.

त्यानंतर चौथ्या दिवशी जानकीने ताट पुढे ठेवून विचारलं. "काय झालां? जेवूक बसतास आणि दाराकडे बघतास. कोण येतलो आसा?"

त्याने सगळं सांगितलं. प्रतिपदेपासून सांगितलं. जानकी ऐकत होती, तिचा हात भाताच्या टोपात तसाच राहिला.

"म्हणजे तो बापडो जळलोच नाय," ती म्हणाली. "गवत जळलां. तो आपलो उभो. मेलेल्या माणसाची वाट अडवलास तुमी! भटाक सांगा. आजच्या आज."

अनंतभटांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आत जाऊन दार लोटून आले.

"हे बघ लव्या, दर्भ प्रतिपदेचा असेल, पण मंत्र माझा अमावास्येचा होता. मंत्राचं फळ मोठं."

"मंत्र तुमी ओटीवर म्हटलास, भटजी. दर्भ वाळूत होता."

अनंतभटांनी गुडघा चोळला. "आणि आता बोललास तर काय होईल? बाईचं कपाळ पुसलं ते उगीच, असं होईल. पत्रिका छापून आल्यात, त्यावर कैलासवासी आहे. व्याही लगेच म्हणतील, बाप जिवंत का मेला ते आधी नक्की करा. मुलगी घरात राहील. तुला चालेल?"

"आणि तो? तो उभा आहे त्याचं काय?"

"तुला एकट्यालाच दिसतो ना? मग थोडी कळ काढ."

लवूने कळ काढली. वैशाखात नीलाचं लग्न लागलं. मांडवात त्याचं काही काम नव्हतं, तरी लवू लांबून बघायला गेला होता. माणिकबाई आतल्या खोलीत बसली होती, विधवेने पुढे यायचं नाही म्हणून. मंगलाष्टकं ऐकू येत होती तशी ती ओठ हलवत होती. लवूला ते खिडकीतून दिसलं, आणि तो न जेवता घरी आला. त्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या कुंपणाबाहेर, वाटेच्या कडेला, काळा कोट पाठमोरा उभा होता. खाडी ओलांडून आला होता.

जानकीला तो दिसला नाही. पण ती तिथे रोज पाण्याचा तांब्या नेऊन ठेवू लागली, आणि ज्येष्ठ लागला तशी म्हणाली, "आता तुमी गेलास नाय, तर मी जातंय बाईकडे."

दुसऱ्या दिवशी लवू गेला. माणिकबाई शिवणयंत्रावर होती. रिकाम्या घरात ते यंत्र उगाच मोठ्याने वाजत होतं. त्याने उंबऱ्याच्या बाहेर बसून सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगता यंत्र थांबलं.

सगळं संपल्यावर तिने सुईखालचं कापड काढून त्याची घडी घातली. लवू शिव्यांची वाट पाहत होता. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"यंदाच्या पिठोरीला मी सूर्य उगवायच्या आत जातो, बाई," तो म्हणाला. "भटजींना खांद्यावर घेऊन जातो. नवा दर्भ आणतो. परत करू, गुपचूप. ते सुटतील."

"कुठे दिसतात?" तिने विचारलं.

"वाळूवर. आणि आता माझ्या कुंपणापाशी पण."

"चला."

ज्येष्ठातली दुपार, ओहोटी होती. माणिकबाईने वहाणा हातात घेतल्या आणि लुगडं गुडघ्यापर्यंत धरून खाडी ओलांडली. अंधेरीत कोणी पाहिलं असतं तर पुढची बारा वर्षं पुरलं असतं. वाळूवर चढताच लवूला तो दिसला. तिसऱ्या झुबक्यापाशी, दहा पावलांवर.

"तो बघा."

तिने पाहिलं. डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग त्या झुबक्याभोवती चालून आली, अगदी त्याच्या पुढून गेली. लवू दोन पावलं मागे सरला.

"मला नाही दिसत हो," ती म्हणाली. तिचा आवाज असा आला की लवूने मान खाली घातली. ज्याने त्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं त्याला तो दिसत होता, आणि ही बारा वर्षं दाराकडे डोळे लावून बसली होती.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "कसे आहेत? काय घातलंय?"

"धोतर. काळा कोट. काळी टोपी. छत्री."

"टोपी?"

"हां. काळी."

माणिकबाई वाळूत बसली आणि हसायला लागली. आधी हळू, मग पदर तोंडाशी धरून. लवू घाबरला.

"अहो, त्यांनी जन्मात टोपी घातली नाही! साहेबाने दोनदा ताकीद दिली होती. लग्नात पागोटं घातलं ते काढून माझ्या वडिलांच्या मांडीवर ठेवलं. डोकं तापतं म्हणायचे." तिने डोळे पुसले. "हे ते नव्हेत, लवू. कोणी दुसरेच आहेत."

परत जाताना ती खाडीतून झपझप चालली. लवूला तिच्या मागे धावावं लागलं.

दुसऱ्या दिवशी माणिकबाई कुंकू लावून शाळेत गेली. जेवढं पूर्वी होतं तेवढंच, रुपयाएवढं. अंधेरीत जे व्हायचं ते झालं. बायका नळावर बोलायच्या थांबल्या, म्हणजे किती मोठी गोष्ट ते कळेल. घाटकोपरहून व्याही आले, तणतणले आणि माहेरपणाला आलेल्या नीलाने चहा दिल्यावर गप्प परत गेले. अनंतभट तर काठी टेकत स्वतः आले. ती त्यांना म्हणाली, "तुम्ही पुतळा जाळलात, भटजी. मी तो नीट पाहिला होता. गवताचा होता." लवूचं नाव तिने काढलं नाही. काढलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं का, हे त्याला ठरवता आलं नाही.

जानकीला हे पटलं नाही. "बारा वर्सां झाली," ती म्हणाली. "वाटेत खंय तरी घेतल्यान आसात एखादी टोपी."

त्या एका वाक्याने लवूची झोप गेली, पण त्याहून वाईट विचार त्याला आला तो पितृपंधरवडा जवळ आल्यावर. समजा, बाईंचं खरं. तो मार्तंड मोघे नाही. मग तो कोण? त्या वर्षी प्रतिपदेचा दर्भ काही एकट्या मोघ्यांकडे गेला नव्हता. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव. किती घरं, किती पिंड, किती जणांचे वडील आणि आजे त्या गवतावर जेवायला बसून उपाशी उठले असतील! कावळे शिवले म्हणून काय झालं. कावळ्यांचं काय जातं.

त्या पिठोरीला लवू वेळेवर गेला. अनंतभटांना खरोखर खांद्यावर नेलं. ते सगळी वाट देवाचं नाव घेत होते, धर्मासाठी नव्हे, तोल जाऊ नये म्हणून. मंत्र वाळूवर झाला, पहिली मूठ समूळ निघाली. काळा कोट दूर उभा होता. अनंतभटांना दिसला नाही, की दिसला आणि बोलले नाहीत, कोण जाणे. छत्री मात्र त्यांनी त्या बाजूला धरली.

माणिकबाईसाठी लवूने तीनशेसाठ काड्या वेगळ्या बांधल्या आणि घेऊन गेला. तिने जुडी हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली, आणि परत दिली. "यंदा नको," ती म्हणाली. कपाळावरचं कुंकू घामाने थोडं ओघळलं होतं.

मग तो घरोघरी निघाला. ज्या ज्या घरी गेल्या वर्षी त्याचा दर्भ गेला होता, त्या प्रत्येक घरी. "यंदाचा ताजा. ठेवा. गेल्या वर्षी जरा कमी पडला होता," एवढंच म्हणायचा. लोक चकित व्हायचे, कारण लवू स्वतःहून दारात येणं म्हणजे काहीतरी अभद्र. तो जुडी उंबऱ्यावर ठेवायचा आणि आत बघायचा.

पहिल्याच घरी भिंतीवर फोटो होता. काळा कोट, काळी टोपी. लवूने फोटोकडे बोट केलं.

"हे कोण?"

"आमचे वडील. का रे?"

दुसऱ्या घरीही फोटो होता. कोट, टोपी, हातात छत्री. तिसऱ्या घरी दोन होते, बाप आणि चुलता, दोघेही टोपीत. स्टेशनमागच्या चाळीत तर जिन्याच्या वळणावर ओळीने टांगलेले, हारातून डोकावणारे, सगळे टोप्या घातलेले, सगळे फोटोवाल्याकडे रोखून बघणारे. तेव्हा माणूस फोटो काढायला जाताना उसना का होईना, कोट आणि टोपी घालूनच जायचा.

लवू प्रत्येक फोटोपुढे उभा राहायचा. खांदे निरखायचा, मानेचा बाक निरखायचा. पण त्याने पाहिली होती ती पाठ, आणि फोटोत पाठ कोण काढतो?

"कोणाला शोधतोस रे?" चाळीतल्या एका म्हातारीने विचारलं.

लवूने जुडी तिच्या हातात दिली. पात्याने तिच्या बोटाला रेघ पडली. तिला अजून कळलं नव्हतं.

"शेजारच्या घरात पण आसा काय कोणी?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या दाराकडे वळला.